महासरटांचे वारस

एक राजघराणें बुडालें आणि दुसरें उदयास आलें, म्हणजे दुसऱ्यानें पहिल्याचा पाडाव केला असला पाहिजे, असें आपण सहज धरून चालतों. मनुष्याच्या इतिहासांत हा तर्क पुष्कळदां खरा ठरतो. म्हणूनच कीं काय, पृथ्वीच्या इतिहासासही तोच लावण्याची संवय आपणांस जडली आहे. मुलांच्या पुस्तकांत एका पानावर महासरटांचें, म्हणजे ज्यांस डायनोसॉर म्हणतात त्या प्राण्यांचें, चित्र असतें. पान उलटलें कीं हत्ती, घोडे, वाघ आणि शेवटीं मनुष्य दिसूं लागतो. मधल्या काळांत काय घडलें याचा विचार न करतां वाचक अशी समजूत करून घेतो कीं, मंदबुद्धि सरटांस चतुर सस्तन प्राण्यांनीं जिंकलें, आणि जें श्रेष्ठ होतें तें टिकलें. ही समजूत मनास सुखावणारी आहे, कारण जिंकणारांच्या कुळांत आपण स्वतःस गणतों. परंतु गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जो पुरावा जगाच्या निरनिराळ्या भागांत गोळा झाला आहे, तो कांहीं निराळेंच सांगतो. सस्तनांनीं महासरटांचें राज्य जिंकून घेतलें नाहीं. तें ओस पडलें आणि त्यांच्या हातीं आलें. या वारशाची हकीकत थोडक्यांत सांगावी आणि तिचा बराच भाग आपल्याच देशाच्या दगडांत कसा नोंदला गेला आहे तें दाखवावें, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, सस्तन प्राणी महासरटांच्या मागून जन्मास आले हेंच मुळीं खरें नाहीं. दोहोंचीं घराणीं जवळजवळ एकाच युगांत, आजपासून २० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं, पृथ्वीवर अवतरलीं. तेव्हांपासून महासरटांचा अंत होईपर्यंत जो काळ लोटला, तो त्या अंतापासून आजपर्यंत लोटलेल्या काळाच्या दुपटीहून अधिक भरतो. म्हणजे सस्तनांच्या एकंदर इतिहासाचा दोन-तृतीयांश भाग दुसऱ्याच्या राज्यांत गेलेला आहे. या दीर्घ काळांत आपले पूर्वज बहुतांशीं उंदीर-चिचुंद्रीएवढे, रात्रीं हिंडणारे आणि किडे-मुंग्यांवर किंवा बियांवर पोट भरणारे असे होते. अपवाद नव्हते असें नाहीं. चीन देशांत सांपडलेल्या रेपेनोमॅमस नांवाच्या सस्तनाच्या पोटांत एका लहान डायनोसॉराच्या पिलाचीं हाडें मिळालीं, हें इ. स. २००५ मध्यें प्रसिद्ध झालें. पण हा धाडसी प्राणीही मध्यम कुत्र्याहून मोठा नव्हता.

आतां, पुढें ज्या गुणांच्या बळावर सस्तनांनीं जग व्यापलें, ते गुण या काळांत त्यांच्या अंगीं नव्हते काय? होते. अंगावरील केंस, शरीराची ऊब, पिलांस पाजावयाचें दूध, कापण्याचे व दळण्याचे निरनिराळे दांत, आणि कानांतील तीं तीन इवलीं हाडें, ज्यांपैकीं दोन एके काळीं जबड्याचा भाग होतीं, हीं सर्व साधनें या अज्ञातवासांतच सिद्ध झालीं. त्या अज्ञातवासाची खूण अद्यापही आपल्या गोठ्यांत पहावयास सांपडते. पक्ष्यांस व सरड्यांस जितके रंग ओळखतां येतात तितके गाईस किंवा कुत्र्यास येत नाहींत. पिढ्यान्‌पिढ्या अंधारांत वावरल्यामुळें सस्तनांनीं रंग ओळखण्याची पुष्कळशी शक्ति गमाविली आणि तिच्या मोबदल्यांत नाक व कान तीक्ष्ण करून घेतले. गुण होते, पण त्यांस वाव नव्हता. कोट्यवधि वर्षें गुणवान् राहूनही हें कुळ उंदराएवढेंच राहिलें, ही गोष्ट ‘श्रेष्ठ तें वर येतेंच’ असें म्हणणारांनीं विचारांत घेण्याजोगी आहे.

मग हा अज्ञातवास संपला कसा? इ. स. १९८० मध्यें पदार्थविज्ञानवेत्ते लुइस आल्व्हारेझ, त्यांचे भूशास्त्रज्ञ पुत्र वॉल्टर आल्व्हारेझ व त्यांचे दोन सहकारी यांनीं या प्रश्नाचें एक आश्चर्यकारक उत्तर पुढें मांडलें. इटलींतील गुब्बिओ गांवानजीकच्या चुनखडकांत मातीचा एक बोटभर जाडीचा थर आहे. त्याच्या खालच्या खडकांत जे सूक्ष्म सागरी जीव विपुल आहेत, ते वरच्या खडकांत जवळजवळ नाहींसे झालेले दिसतात. या थरांत इरिडियम धातूचें प्रमाण नेहमींच्या कितीतरी पट अधिक आढळलें. पृथ्वीच्या कवचांत हा धातु अत्यंत दुर्मिळ असून आकाशांतून पडणाऱ्या अशनींत मात्र तो पुष्कळ असतो. यावरून सुमारें १० किलोमीटर व्यासाचा एक लघुग्रह ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं पृथ्वीवर आदळला असावा, असें त्यांनीं अनुमान केलें. पुढें इ. स. १९९१ मध्यें मेक्सिकोच्या युकाटान द्वीपकल्पाखालीं गाडलेलें सुमारें १८० किलोमीटर रुंदीचें विवर त्याच काळचें आहे असें ओळखण्यांत आलें, आणि अनुमानास आधार मिळाला. त्या आघातानें उडालेली धूळ, वणव्यांची काजळी आणि गंधकयुक्त वाफा यांनीं आकाश झांकून गेलें. सूर्यप्रकाश नाहींसा झाला, वनस्पति वाळल्या, वनस्पति खाणारे उपाशी मेले आणि त्यांना खाणारेही त्यांच्या मागून गेले. पृथ्वीवरील जीवजातींपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश या संकटांत नष्ट झाल्या.

या प्रकरणाचा दुसरा साक्षीदार म्हणजे आपला सह्याद्रि होय. ज्या काळ्या कातळांत अजिंठा-वेरूळचीं लेणीं कोरलीं गेलीं आणि ज्याच्या कड्यांवर आपले डोंगरी किल्ले उभे राहिले, तो कातळ याच सुमारास जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हारसाचा आहे. हे उद्रेक एकाच डोंगराच्या मुखांतून झालेले नव्हते. विस्तीर्ण प्रदेशावर एकामागून एक पूर यावे तसे ते लक्षावधि वर्षें, मधून मधून खंड पडत, चालले होते. आज झीज होऊन उरलेला हा थर सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर पसरलेला आहे. त्याच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या आकारावरून यूरोपियन भूशास्त्रज्ञांनीं त्यास ‘ट्रॅप’ असें जें नांव दिलें, तें स्वीडिश भाषेंतील जिन्याच्या शब्दावरून आलेलें आहे. या उद्रेकांतून निघालेल्या वायूंनीं हवामान आधींच डळमळीत केलें होतें, कीं त्यांचा वाटा गौण होता, याविषयीं शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. बहुतेकांचा कल लघुग्रहाचा आघात हेंच मुख्य कारण मानण्याकडे आहे. तथापि त्या काळीं दख्खनची भूमि जळत होती, याविषयीं मात्र मतभेद नाहीं.

या अग्निप्रलयाच्या मधल्या विश्रांतींत येथें तळीं सांचत, झाडोरा उगवे आणि प्राणी येऊन रहात. दोन लाव्हा-थरांमधील अशा गाळाच्या दगडांत त्यांचे अवशेष मिळतात. ज्या रिचर्ड ओवेन यांनीं इ. स. १८४२ मध्यें ‘डायनोसॉर’ हा शब्द घडविला, त्यांनींच १८४७ मध्यें मुंबई बेटावरील अशाच दगडांत सांपडलेल्या इवल्या बेडकांचें वर्णन केलें. आमच्या विषयाच्या दृष्टीनें याहून महत्त्वाचा शोध इ. स. १९८८ मध्यें जाहीर झाला. आजच्या तेलंगणांतील नासकल गांवाजवळ अशाच गाळांतून जी. व्ही. आर. प्रसाद व अशोक साहनी यांनीं एका सस्तनाचे दांत मिळविले. ते दांत मोहरीच्या दाण्याहून फारसे मोठे नाहींत. त्या प्राण्यास ‘डेक्कनोलेस्टिस’, म्हणजे दख्खनचा लुटारू, असें भारदस्त नांव मिळालें आहे! एका बाजूस नर्मदेच्या खोऱ्यांत प्रचंड सरट अंडीं घालीत होते, दुसऱ्या बाजूस लाव्ह्याचे लोट वहात होते, आणि या दोहोंच्या मधें हा चिमुकला लुटारू किडे पकडीत झाडाझुडपांतून फिरत होता.

संकटांतून वांचले ते कोण, हा प्रश्न आतां विचारला पाहिजे. सस्तन झाले म्हणून सगळेच वांचले असें झालें नाहीं. उत्तर अमेरिकेंतील कांगारूच्या दूरच्या नातलगांची शाखा त्या वेळीं जवळजवळ नामशेष झाली. जे तगले ते बहुधा लहान, थोडक्यांत भागविणारे, बिळांत किंवा पाण्याकांठीं आसरा घेणारे आणि मिळेल तें खाणारे होते. ज्यास रोज गाडीभर पाला लागतो त्याचें एका हंगामाच्या दुष्काळांतही निभत नाहीं. ज्यास मूठभर किडे व सडक्या पाल्यांतल्या अळ्या पुरतात तो वर्ष काढूं शकतो. कालपर्यंत जें दैन्य होतें, तेंच त्या दिवशीं कवच ठरलें. पण हें कवच कोणी त्या प्रसंगासाठीं तयार केलेलें नव्हतें. महासरटांतही एक लहान चणीची शाखा तगलीच. तिलाच आज आपण पक्षी म्हणतों. तेव्हां महासरटांचा निर्वंश झाला हेंही खरें नव्हे.

पुढील पर्व पहावयाचें तर उत्तर अमेरिकेंत कॉलोराडो संस्थानांतील कोरल ब्लफ्स नांवाच्या उजाड टेकड्यांकडे गेलें पाहिजे. डेन्व्हर येथील संग्रहालयाचे टायलर लायसन व इयन मिलर यांनीं तेथील गोल दगड फोडून त्यांच्या आंत जपल्या गेलेल्या कवट्या बाहेर काढल्या, आणि प्रलयानंतरच्या पहिल्या दहा लाख वर्षांची जणूं रोजनिशीच इ. स. २०१९ मध्यें जगापुढें ठेवली. प्रलयापूर्वीं तेथील मोठ्यांत मोठा सस्तन सुमारें ८ किलोग्रॅमांचा होता. प्रलयानंतर जे उरले त्यांत मोठा अर्ध्या किलोचा, म्हणजे घुशीएवढा होता. रान म्हणून जें उगवलें तें प्रथम नुसतें नेच्यांचें. एक लाख वर्षांत ताडासारखीं झाडें वाढलीं आणि सस्तनांनीं आपला पूर्वीचा आकार परत मिळविला. तीन लाख वर्षांच्या सुमारास अक्रोडाच्या कुळांतील वृक्ष आले, आणि फळें-बिया खाणारे २०-२५ किलोचे प्राणी दिसूं लागले. सात लाख वर्षांच्या सुमारास शेंगा येणाऱ्या वनस्पति अवतरल्या, आणि त्यांच्याबरोबर ५० किलोच्या घरांतील प्राणीही आले. आपल्या घरांतील डाळी ज्या कुळांतील, त्याच कुळानें आपल्या पूर्वजांच्या नातलगांस प्रथम अंग धरावयास लाविलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. १४ कोटी वर्षांत जें घडलें नव्हतें तें सात लाख वर्षांत घडून आलें. सस्तनांच्या अंगीं एकाएकीं नवे गुण आले म्हणून हें झालें नाहीं. वरचें छत्र नाहींसें झालें होतें आणि खालीं रान पुन्हां उगवत होतें, हें याचें कारण.

तथापि राज्य मिळालें तरी तें स्थिर नव्हतें, कारण जिच्यावर तें चालवावयाचें ती पृथ्वीच पालटत होती. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं कांहीं हजार वर्षांच्या अवधींत हवेंत व समुद्रांत कार्बनची प्रचंड भर पडली, आणि पृथ्वीचें सरासरी उष्णमान ५ अंशांहून अधिक वाढलें. तें पूर्ववत् होण्यास दीड-दोन लाख वर्षें लागलीं. याच सुमारास घोड्यांचे, गाई-हरणांचे आणि वानरांचे पहिले प्रतिनिधि उत्तरेकडील खंडांवर एकाएकीं दिसूं लागतात. वायोमिंगमधील खडकांत या काळचा जो आद्य घोडा मिळतो तो मांजराएवढा असून, उष्मा वाढत गेला तसतसा तो सुमारें ३० टक्क्यांनीं आणखी लहान झाला, असें दांतांच्या मोजमापावरून दिसून आलें आहे. त्यानंतरही दीर्घकाळ जग इतकें उबदार होतें कीं, आज बर्फानें वेढलेल्या एल्समिअर बेटावर, उत्तर ध्रुवाजवळ, सुसरींच्या जातीचे प्राणी व टापीर सुखानें नांदत होते.

या सर्व काळांत आपला देश स्वस्थ बसलेला नव्हता. आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वीं मादागास्करपासून सुटलेला हिंदुस्थानचा भूखंड एखाद्या तराफ्याप्रमाणें उत्तरेकडे निघाला होता. या प्रवासांतच त्याच्या पोटाखालून दख्खनचा लाव्हा वर आला. वर्षास १५ सेंटिमीटर किंवा अधिक, ही त्याची चाल भूखंडांच्या मानानें फार वेगवान् होती. सुमारें ५ कोटी वर्षांपूर्वीं तो आशियास जाऊन भिडला, मधला टेथिस समुद्र आटत गेला आणि हिमालय उठूं लागला. सुरतेजवळील वस्तान येथील कोळशाच्या खाणींत सुमारें साडेपांच कोटी वर्षांपूर्वींचा कॅम्बेथेरियम नांवाचा प्राणी मिळाला आहे; घोडे, गेंडे व टापीर यांच्या मूळ पुरुषाशीं त्याचें फार जवळचें नातें आहे.

त्याच आटत्या समुद्राच्या कांठीं सस्तनांच्या इतिहासांतील सर्वांत विलक्षण घटना घडली. ए. रंगा राव या भूशास्त्रज्ञांनीं जम्मूकडील कालाकोट येथून पुष्कळसे दगड जमविले होते. त्यांच्या पश्चात् त्यांच्या पत्नीनें ते हान्स थेविसन या संशोधकाच्या स्वाधीन केले. त्यांतील एक कवटी साफ करतांना तिचा कानाकडील भाग चुकून तुटला, आणि आंत हाडाची एक जाड कड दृष्टीस पडली. अशी कड देवमाशांच्या कानांत असते. प्राणी मात्र मांजराएवढा, खुरांचा, लहानशा हरणासारखा होता. त्याचें नांव इंडोहायस. त्याचीं हाडें आंतून भरींव होतीं, यावरून तो पाणघोड्याप्रमाणें पाण्यांत उतरून चालत असावा असें ठरलें. इ. स. २००७ मध्यें ही हकीकत प्रसिद्ध झाली. पाकिस्तानांतील चार पायांचे आद्य देवमासे, कच्छांतील आंखूड पायांचे कच्छीसीटस आणि हा इंडोहायस यांस ओळीनें मांडलें, म्हणजे जमिनीवरचा प्राणी समुद्राचा स्वामी कसा झाला तें पायरी-पायरीनें दिसतें. आजचा निळा देवमासा हा ज्ञात प्राण्यांत सर्वांत प्रचंड समजला जातो. त्याच्या कुळाचें माहेर आपल्या उपखंडाच्या किनाऱ्यावर आहे.

पुढें जग थंड होऊं लागलें. ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीं अंटार्क्टिका खंडावर बर्फाचें कायमचें आच्छादन बसलें. हवेंतील कार्बन डायऑक्साइड कमी होत गेला हें त्याचें मुख्य कारण मानतात. उठत्या हिमालयाच्या खडकांची झीज होतांना तो वायु शोषला गेला, असेंही कांहीं शास्त्रज्ञांचें मत आहे. अरण्यें विरळ झालीं आणि गवताचा काळ आला. येथें आमच्या वाचकांस एका मराठी गांवाचें नांव सांगावेंसें वाटतें. चंद्रपूर जिल्ह्यांत पिसदुरा म्हणून गांव आहे. तेथें मिळालेल्या महासरटांच्या अश्मीभूत विष्ठेंत गवताचे सूक्ष्म गारमय कण सांपडले, आणि त्यांत भात-बांबूंच्या कुळाशीं नातें सांगणारे प्रकारही आहेत, असें इ. स. २००५ मध्यें सिद्ध झालें. म्हणजे गवतही महासरटांच्या काळीं होतेंच. सस्तनांप्रमाणेंच तेंही रानाच्या सावलींत कोट्यवधि वर्षें पडून होतें. हवा कोरडी झाली तेव्हां त्याचा दिवस उगवला. ८० ते ६० लाख वर्षांपूर्वींच्या सुमारास हिमालयाच्या पायथ्याशीं आणि अन्यत्रही गवताळ मैदानें पसरलीं. घोड्यांचे दांत उंच व पाय एकखुरी झाले, गाई-हरणांचे कळप वाढले. पण त्याच फेरफारांत शिवालिक टेकड्यांच्या परिसरांतील शिवापिथेकस हा ओरांगउटानाचा आप्त असलेला वनवासी कपि नाहींसा झाला. बलुचिस्तानांतील बुगटी टेकड्यांत ज्याचीं हाडें मिळालीं, तो जमिनीवरील सर्वांत प्रचंड सस्तनांपैकीं एक असा शिंगरहित गेंडाही त्यापूर्वींच लयास गेला होता. या वारसांसही मोठेपणानें राखलें नाहीं.

आज सस्तनांच्या सुमारें साडेसहा हजार जाति आहेत. त्यांत हत्ती, सिंह, मनुष्य हे डोळ्यांत भरतात; पण निम्म्याहून अधिक जाति उंदीर-घुशी आणि वटवाघळें यांच्याच आहेत. उलट पक्ष्यांच्या जाति दहा हजारांहून अधिक, म्हणजे महासरटांचे वंशज संख्येनें आजही आपल्यापुढें आहेत. तेव्हां ‘सस्तनांचें युग’ हा शब्दप्रयोग आपण कांहींशा घरच्या अभिमानानेंच करतों, हें कबूल केलें पाहिजे.

कोणी म्हणेल, या दूरच्या गोष्टींचा आम्हांस उपयोग काय? आमच्या मतें उपयोग आहे. ज्या घडामोडींनीं जीवसृष्टि उलटीपालटी झाली, त्या आजवर आकाशांतून किंवा पृथ्वीच्या पोटांतून आल्या. ज्यांच्यावर त्या आल्या त्यांस त्यांची कल्पना नव्हती. आज प्रथमच असें झालें आहे कीं, घडवून आणणारा आणि जाणणारा एकच आहे. कारखाने सुरू होण्यापूर्वीं हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारें २८० भाग होते. ते आतां ४२० च्या वर गेले आहेत. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींच्या उष्म्यांत कार्बनची भर ज्या गतीनें पडली, तिच्याहून आजची गति कितीतरी पट अधिक आहे. सस्तनांच्या सुमारें चतुर्थांश जाति नष्ट होण्याच्या वाटेवर आहेत. त्यांत आघाडीवर मोठे, सावकाश वाढणारे आणि पुष्कळ रान लागणारे प्राणीच आहेत. त्यांचें दुखणें तेंच आहे, जें एकदां महासरटांचें होतें. घूस आणि वटवाघूळ बहुधा तगतील. हत्ती, वाघ आणि गेंडा तगतील कीं नाहीं, हें मात्र आपल्यावर अवलंबून आहे.

आपण श्रेष्ठ होतों म्हणून हें राज्य आपल्याकडे आलें, असें मानणारा तें आपल्याच योग्यतेनें टिकेल असेंही मानूं लागतो, आणि तेथेंच फसतो. ज्यास कळलें कीं तें एका अपघातानें, मोहरीएवढ्या दांतांच्या कोणा पूर्वजाच्या चिकाटीनें आणि पुन्हां उगवलेल्या रानाच्या आधारानें मिळालें, तो निदान तें रान तरी सांभाळून वापरील. बोरघाटांतून जातांना गाडीच्या दोहों बाजूंस काळ्या कातळाच्या पायऱ्या लागतात. त्या रचल्या जात होत्या तेव्हां ज्यांचें राज्य होतें ते स्वतःस अढळ समजत होते कीं नाहीं, हें आपणांस माहीत नाहीं. आपण मात्र तसें समजूं नये, एवढें त्या कातळांवरून शिकावयास हरकत नाहीं.